काशाचे ताट आणि तीन सकाळी

पूर्वी गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाच्या वाट्याला ना राजवाडा आला, ना व्यापाऱ्याची पेढी. तो जन्मला मोड गोळा करणाऱ्यांच्या घरी. मोड म्हणजे चेपलेला तांब्या, बूड गेलेली घागर, कान तुटलेली कढई, लोकांच्या घरात ज्याचे काम उरले नाही असे सगळे. दारोदार फिरून ते घ्यायचे, त्याच्या बदल्यात नवी लहानसहान भांडी द्यायची, आणि जमलेली मोड ओताऱ्याच्या भट्टीवर नेऊन घालायची, एवढाच त्या घराचा धंदा. त्या जन्मी बोधिसत्त्वाचे नाव भद्रक. ही गोष्ट घडली तेव्हा तो अगदी म्हातारा झाला होता. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळे. पण कान असे शाबूत होते की भांड्याला नख लावून तो सांगे, यात तांबे किती, कथील किती, आणि चीर कुठे आहे.

घरात त्याची सून पाटला होती आणि तिची दीड वर्षाची लेक कुशी. पाटलेचा नवरा सार्थाबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, बैल हाकत दक्षिणेला गेलेला, तो परत यायला अजून दोन पौर्णिमा अवकाश होता. तेव्हा फेरी पाटलेकडे आली. डोक्यावर पाटी, कमरेवर लेक, आणि तोंडाने "मोड द्या, नवं घ्या" अशी हाळी, असा तिचा दिवस जाई.

त्या घरात एक रीत होती, ती नगरात दुसऱ्या कोणत्याच मोडवाल्याकडे नव्हती. घरी आलेली वस्तू लगेच फोडायची नाही. ओसरीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधलेला होता, त्याला लोखंडी आकडे होते. आलेली वस्तू जशीच्या तशी त्या आकड्याला टांगायची आणि तीन सकाळी तिथेच राहू द्यायची. चौथ्या दिवशी फोडायची, ठेचायची, भट्टीवर न्यायची.

"माणूस रागात देतं, रडत देतं, घाईत देतं," भद्रक म्हणे. "आपण काय दिलं, ते त्याला त्याच दिवशी कळत नाही. तीन सकाळी गेल्या की कळतं."

बाकीचे मोडवाले हसत. पाटलाही मनात हसे. लग्न होऊन या घरात आल्याला तिला सहा वर्षे झाली होती. सहा वर्षांत एकच बाई परत आली होती, तीही तांब्यात राहिलेली सुपारी मागायला.

त्या हिवाळ्यात मात्र पाटलेला त्या रीतीचे हसू येईना, भीती वाटू लागली. कुशी नुकती चालू लागली होती. तिला सगळ्या घरात ओसरीच आवडे, आणि ओसरीतही नेमकी त्या बांबूखालची जागा. मागल्याच आठवड्यात एक फुटका झारा आकड्यावरून निसटला आणि पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर खणकन पडला. पोर हसली. पाटलेने मात्र झडप घालून तिला उचलले. त्या दिवसापासून ती झोपेतही वर बघे. मामंजींना ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांची रीत, आपण कालच्या आलेल्या, कसे सांगावे, असे तिला वाटले.

अशात एके दिवशी ती गोदेचा उतार, पायी पार होण्याजोगे उथळ पाणी, ओलांडून पलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीत गेली. गोदेला त्या भागात बरीच बेटे होती, झाऊ आणि लव्हाळ्यांनी गच्च भरलेली, आणि वस्तीतली शेरडेमेंढरे हिवाळाभर तिथेच चरत. वस्तीच्या टोकाच्या झोपडीत नागश्री नावाची एक विधवा राहत होती. तिने पाटलेची हाळी ऐकून आतून एक ताट आणले. काशाचे, जाड, चांगले रुंद. काठाला बोटभर चीर गेलेली.

"हे घेतेस का गं?"

पाटलेने नखाने वाजवले. ताट वाजले, पण वाजता वाजता झरझरले, जशी घशात खाकर असावी.

"घेईन की, मावशी. पण इतके दिवस ठेवलंत कशाला?"

"अगं, माझ्या शेजारणीही तेच म्हणतात. म्हणतात, नागश्रीचं ताट वाजलं की आमच्या शेळ्या पान्हा चोरतात." नागश्री हसली आणि दारात टेकली. "जेवायला नाही ते. माझ्या लेकाला बोलवायला वाजवते. वच्छ त्याचं नाव. विशीचा झालाय, दाढी आली, पण अक्कल चार वर्षांच्या पोराची. त्याला स्वतःचं नाव कळत नाही. दिवसभर बेटावर शेळ्यांमागे असतो. दिवेलागणीला मी ताट वाजवते, की निघाला. मग चांगलं वाजणारं एक दे म्हणजे झालं. ही चीर आता वाढायला लागलीय."

पाटलेने पाटीतले नवे ताट काढले आणि त्यावर टिचकी मारली. लांबलचक, गोड आवाज निघाला. कमरेवरची कुशीसुद्धा मान वळवून बघू लागली.

"गोड आहे खरं," नागश्री म्हणाली. "लांब जाईल ना?"

"पलीकडच्या गावात ऐकू जाईल, मावशी. तुमचा लेक धावत येईल बघा."

हे वाक्य पाटला दिवसातून दहा दारांत बोले. भांडे बदलून, सवयीने बोलून जाई. पुढे जन्मभर तिला ते आठवले.

उताराकडे येताना तिची तारांबळ उडाली. एवढे रुंद ताट पाटीत बसेना. बसवले की पाटी कलंडे, आणि पाण्यातून जायचे तर एक हात पाटीला, दुसरा लेकीला. त्यात घरी गेल्यावर हे जड ताट टांगायचे कुठे? त्याच बांबूला, पोरीच्या डोक्यावर. चिरलेला काठ, विळ्यासारखा.

कासे वाकत नाही, फुटते. मोड घेणाऱ्या कुणालाही हे माहीत असते. फोडले की तुकडे चिंधीत बांधून मुठीएवढ्या जागेत बसतात. उताराशी एक मोठा काळा खडक होता. पाटलेने कुशीला वाळूत बसवले, तिचे तोंड पलीकडे केले, ताट दोन्ही हातांनी उचलले आणि खडकावर आपटले.

ताट एकदाच वाजले, पण असे वाजले की पाण्यावरचे बगळे उडाले. खर्जातला मोठा, झरझरता आवाज बेटावरून पार पुढे गेला. मग तुकडे पडले. लांब कुठेतरी एक शेळी ओरडली. पाटलेने तिकडे पाहिले नाही. घाईघाईत तुकडे गोळा केले, चिंधीत बांधले, लेकीला उचलले आणि पाण्यात पाय टाकला.

घरी भद्रक ओसरीवर बसला होता. "काय काय आलं गं आज?"

तिने एकेक वस्तू त्याच्या हातात दिली. तो वाजवून बाजूला ठेवू लागला. चिंधी तिने हळूच कोपऱ्यात सरकवली, पण ती किणकिणलीच.

"काशाचे तुकडे?"

"हो. फुटकंच दिलं त्यांनी."

म्हाताऱ्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने पुढची वस्तू मागितली. पाटलेला वाटले, पटले त्यांना.

दुसऱ्या दिवशी उन्हे अंगणात यायच्या आत नागश्री दारात उभी राहिली. नवे ताट छातीशी धरलेले. लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि ओठ थंडीने निळे. तरी ती हसून बोलली, जसे उसने मागायला आलेले माणूस हसते.

"पोरी, माझं ते ताट परत देतेस का? हे घे तुझं. काही म्हणजे काही झालं नाही गं याला, चांगलं वाजतं. पण वच्छाला ते ओळखीचं नाही. काल दिवेलागणीपासून वाजवते आहे, आला नाही."

पाटलेची नजर कोपऱ्यातल्या चिंधीकडे गेली.

"तुमच्या घरी तीन सकाळी ठेवतात, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे," नागश्री पुढे म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडं दिलं. आदल्या दिवशी तो मोडवाला कालक येऊन गेला होता, चांगली दोन भांडी देतो म्हणत होता. त्याला नाही दिलं."

तिची नजर आकड्यांवरून फिरू लागली. एकेक आकडा पाहून ती पुढे सरकत होती. शेवटच्या आकड्यापाशी पोचली आणि परत पहिल्यापासून पाहू लागली.

पाटला उठली. तिने कोपऱ्यातली चिंधी आणली आणि ओसरीवर सोडली.

नागश्री खाली बसली. तिने ओरडाआरडा केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तुकडे उचलून ती एकमेकांशेजारी मांडू लागली, आणि जमिनीवर पुन्हा ताट झाले. काठापाशी दोन बोटांएवढी जागा मोकळी राहिली. तेवढा तुकडा नव्हता. त्या मोकळ्या जागेवर तिने हात ठेवला.

"जोडता नाही यायचं?" तिने विचारले.

"नाही, बाई," भद्रक म्हणाला. "काशाला डाग धरत नाही, सांधा टिकत नाही. वितळवून ओतलं तर ताट होईल, पण ते दुसरंच वाजेल." मग तो सुनेकडे वळला. "पाटले, कुठं फोडलंस?"

"उतारावर. काळ्या खडकावर." तिला रडू फुटले. "मामंजी, मी काल तुम्हाला खोटं सांगितलं."

"ते मला कालच कळलं होतं. एका तुकड्याची कड जुनी वाजत होती, बाकीच्यांच्या ताज्या फुटलेल्या. मी विचारलं नाही. म्हटलं, पोर दमून आली आहे, उद्या बोलू." म्हातारा भिंत धरून उठला. "काल विचारलं असतं तर कालच पलीकडं गेलो असतो. तुझी एक चूक, त्यावर माझी एक."

ते तिघे उतारावर गेले. कुशी पाटलेच्या कमरेवर होतीच. खडकाभोवतीच्या ओल्या वाळूत शेळ्यांची खुरे उमटली होती आणि मध्ये अनवाणी पावले, मोठ्या माणसाची, पण बोटे आत वळवून टाकलेली. ती खडकाभोवती किती वेळा फिरली होती ते मोजता येत नव्हते. वच्छ आला होता. आईचे ताट भलत्या वेळी, भलत्या जागी वाजले, तरी तो आला होता. तिथे आई नव्हती, ताट नव्हते. शेवटी पावले खाली, दाट लव्हाळ्यांच्या बेटाकडे गेली होती, जिथे वस्तीतले कोणीच शेळ्या नेत नसत. तिथे बिबळ्याचा वावर होता.

वस्तीतली चारपाच माणसे काठ्या घेऊन आली होती आणि मोठमोठ्याने हाका मारीत होती. नागश्री त्यांच्या पाया पडू लागली. "हाका मारू नका रे. तो लहान असताना पुरात सगळे असेच ओरडले होते. ओरडलं की तो लपतो. आणखी आत जाईल."

माणसे गप्प झाली. मग बेटावर वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येईना.

"एक रात्र तो थंडीत राहिला आहे," भद्रक म्हणाला. "ते ताट मी काल नुसत्या तुकड्यांत ऐकलं, पण त्याचा आवाज मला कळला आहे. तसं ताट या नगरात असेल तर सापडेल. पाटले, मला कालकाकडं ने."

कालक हा नगरातला आणखी एक मोडवाला. त्याच्या अंगणात भांड्यांची रास पडलेली असे. म्हातारा तिथे जाऊन बसला आणि पाटला एकेक काशाचे भांडे त्याच्या पुढ्यात धरू लागली. तो टिचकी मारी, मान हलवी. कालक पान चघळत बघत होता.

"काय भद्रकबाबा, जावयाला अहेर निवडताय?"

म्हातारा वाजवत राहिला. ऊन डोक्यावर आले. राशीच्या तळाशी एक जाड ताट निघाले. टिचकी मारताच म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ते धरले.

"हे."

कालकाने वस्तीतली बातमी ऐकली होती. तो जवळ येऊन बसला. "घ्या की. पण त्याच्या बदल्यात मला श्रेष्ठींची गल्ली द्या."

मोडवाल्यांच्या गल्ल्या ठरलेल्या असत. बापाची गल्ली मुलाकडे जाई, दुसऱ्याने तिथे हाळी घालायची नाही. श्रेष्ठींच्या, म्हणजे धनवान व्यापाऱ्यांच्या, गल्लीत बारा मोठी घरे होती, आणि भद्रकाच्या घरची चूल निम्मी त्या बारा घरांवर पेटत होती.

"एका ताटाला गल्ली?" पाटला म्हणाली.

"ताट मी कुठं विकायला काढलं होतं, वहिनी? तुम्हीच आलात. नको तर ठेवा परत राशीत. तुमच्याकडं म्हणे तीन सकाळी विचार करतात. करा विचार."

पाटलेने सासऱ्याचे उपरणे मागून ओढले. तिच्या डोळ्यांपुढे कुशीची वाटी आली, परतलेला नवरा आला, पुढचा उन्हाळा आला. ज्याच्यामुळे हे सारे झाले ते आपणच, हे ठाऊक असूनही तिने उपरणे ओढले, आणि ओढताना तिला स्वतःची लाज वाटली.

"पाटले," म्हातारा हळू म्हणाला, "आपली एक गल्ली गेली तर आपण दुसऱ्या गल्लीत जाऊ. त्या पोरानं कुठं जायचं?"

चार जणांदेखत त्याने गल्ली सोडली. कालकाने ताट पुसून दिले.

त्या दिवशी दिवेलागणीला नागश्रीने काळ्या खडकावर उभे राहून ते ताट वाजवले. आवाज भरदार होता, खर्जातला होता, बेटापर्यंत जात होता. ती वाजवत राहिली. हात दुखला तेव्हा पाटलेने वाजवले. लव्हाळी हलली नाहीत. एकदा शेळी ओरडल्यासारखे वाटले, आणि मग तेही वाटेनासे झाले. अंधार पडल्यावर बेटाच्या अंगाला बिबळ्या खाकरला. नागश्री तेवढे ऐकून खाली बसली ती सकाळपर्यंत उठली नाही. पाटला तिच्या शेजारी लेकीला कांबळ्यात गुंडाळून बसून राहिली. मध्येच नागश्री म्हणाली, "पोरीचे पाय उघडे पडलेत बघ." आणि तिनेच ते झाकले.

तिसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. भद्रक खडकावर ताट मांडीवर घेऊन बसला होता आणि बोटाने ते चाचपत होता.

"चूक माझीच," तो म्हणाला. "जन्मभर मी चीर शोधत आलो, ती सापडली की भांडं बाद करायचं म्हणून. काल मी बिनचिरेचं ताट शोधलं. हे अखंड आहे. त्या पोरानं इतकी वर्षं चिरेचा आवाज ऐकला. तीच त्याच्या आईची हाक. पाटले, त्या फुटलेल्या ताटाचा चिरेचा तुकडा आण."

पाटलेने घरून चिंधी आणि हत्यारे आणली, आणि तो तुकडा त्याने करंगळीने मोजला. चीर किती लांब, काठाशी किती रुंद, कशी तिरकी. मग त्याने छिन्नी आणि चिंचेच्या लाकडाची हातोडी पाटलेपुढे ठेवली.

"एवढीच चीर पाड. जास्त नको."

"मामंजी, मला नाही जमणार. फुटेल. फुटलं तर आता द्यायला दुसरी गल्ली नाही."

"मला दिसत नाही. हात तुझा, कान माझा. एक टोला दे, मग मी सांगेपर्यंत थांब."

पाटलेने लेकीला खाली ठेवायला जागा पाहिली, तर नागश्रीने हात पुढे केले. कुशी तिच्याकडे गेली. पाटलेने छिन्नी काठावर टेकवली आणि हलका टोला दिला. म्हाताऱ्याने ताटाला कान लावला. कितीतरी वेळ तो तसाच राहिला. "हं," तो म्हणाला. तिने दुसरा दिला. "थांब." ती थांबली. कुशी भुकेने रडू लागली. पाटलेचा जीव तिकडे ओढला, हात म्हणू लागला, दोन टोले एकदम दे आणि सुट. तिने हात आवरला. नागश्री पोरीला मांडीवर डोलवत काहीतरी गुणगुणत होती, आणि तिचे डोळे मात्र बेटाकडे होते.

असे टोला आणि थांबणे, टोला आणि थांबणे, ऊन कलेपर्यंत चालले. शेवटी मुंगी चावल्याएवढा बारीक "कट्" असा आवाज झाला.

"पुरे," म्हातारा म्हणाला. त्याने ताट उचलून बोटांनी वाजवले. ताट झरझरले.

नागश्री उभी राहिली. "हेच," ती म्हणाली. मग पुन्हा कान देऊन म्हणाली, "जवळजवळ हेच."

दिवेलागणीला तिने ते वाजवले. पहिल्यांदा लव्हाळ्यातून एक करडू आले. मग दोन शेळ्या. मग कमरेएवढ्या लव्हाळ्यात वच्छ दिसला. अंगावर घोंगडी नव्हती. तो पाण्यात उतरला, निम्म्यापर्यंत आला, आणि थांबला. मान एका बाजूला कलती केली. जणू या आवाजात काही कमी आहे आणि ते काय, हे त्याला सांगता येत नव्हते. नागश्रीचा हात गळाला.

"वाजवत राहा," भद्रक म्हणाला.

तिने पुन्हा वाजवले. पाणी त्याच्या गुडघ्यांवरून वाहत होते. वच्छाने एकदा मागे, बेटाकडे पाहिले. मग तो आला.

आई त्याला कवटाळून रडत होती, आणि त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडायला दोघे लागले. आत दोन बोटांएवढा काशाचा तुकडा होता. खडकाजवळ पाटलेच्या हातून राहिलेला. तळहात आरपार चिरून काळा पडला होता. पुढे अकरा दिवस तो तापाने फणफणला. जगला, पण त्या हाताची दोन बोटे पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. तीन शेळ्या मिळाल्या नाहीत.

ताप उतरला त्या दिवशी पाटला घरी आली, तर भद्रक चाचपडत ओसरीचा बांबू सोडवत होता. तिने हात लावला. दोघांनी तो उचलून अंगणाच्या बाजूला नेला आणि तिथे बांधला, जिथे त्याखाली फक्त तुळस होती. "तू मला पोरीचं सांगितलं असतंस तर हे तेव्हाच केलं असतं," म्हातारा म्हणाला. तो रागावला नव्हता. हातभर बांबू सरकवायचे काम होते. पाटलेने तो बांबू पुढे चाळीस वर्षे रोज पाहिला.

श्रेष्ठींची गल्ली परत आली नाही. नवरा दक्षिणेहून आला आणि झाले ते ऐकून गरिबांच्या गल्ल्यांतून हाळी घालू लागला. चूल पेटत राहिली, पण मंद. त्या गल्ल्यांतल्या बायका चेपलेली भांडीसुद्धा सहजी टाकत नसत.

दोन हिवाळ्यांनी नागश्री वारली. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीच्या आधी पाटला उतार ओलांडून जाई, ताट वाजवी, वच्छाला जेवू घाली आणि परत येई. तो कधी चुकला नाही. पण रोज निम्म्या पाण्यात तो थांबे, मान कलती करी आणि ऐके. तेवढा वेळ पाटलाही ताटावर हात ठेवून थांबे. तिला माहीत होते तो काय शोधतो, आणि ते तिच्याजवळ नव्हते. मग तो येई.

ही कथा सांगणाऱ्या शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, ती इथे संपवली. मग समोर बसलेल्या संघाला त्यांनी जुन्या जन्माचा धागा आजच्या जन्माशी जोडून दाखवला.

"त्या काळचा कालक म्हणजे वाटणीच्या वेळी नेहमी थोडे अधिक मागणारा हा भिक्षू. नागश्री म्हणजे विहाराच्या दाराशी पाणी भरून ठेवणारी ती वृद्ध उपासिका. वच्छ म्हणजे भोजनाला सर्वांच्या शेवटी येणारा, थोडे बोलणारा तो ज्येष्ठ भिक्षू, स्थविर. पाटला म्हणजे भोजनाची थाळी वाजवणारी ही भिक्षुणी. थाळीवर टोला देण्याआधी ती नेहमी क्षणभर थांबते, आणि का थांबते ते आजवर तिला ठाऊक नव्हते. आणि तो आंधळा म्हातारा भद्रक म्हणजे मीच."

भिक्षुणीने मान खाली घातली. शेवटच्या ओळीतल्या स्थविराने तिच्याकडे पाहिले, मान किंचित कलती केली आणि हात जोडले. त्याच्या हाताची सगळी बोटे सरळ होती.

या कथेतला गुण क्षांती. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली की ती मोडण्याआधी थांबण्याचा धीर.